सतरा नंबरच्या दुलईतला केस

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी उपग्रहांच्या दुलया शिवायला लागले, ते माझ्या मुलीच्या आगाऊपणामुळे. त्याआधी चोवीस वर्षं मी फ्रान्समधल्या तुलूज शहरात मादाम रुमेगूंच्या दुकानात नवरीचे पोशाख शिवले. मग नवऱ्या फोनवर बोट फिरवून पोशाख मागवायला लागल्या आणि आमच्याकडे फक्त कंबर ढिली करून घ्यायला यायला लागल्या. एका सप्टेंबरात मादामनी दाराला कुलूप लावलं आणि मला मिठी मारून त्या बहिणीकडे राहायला गेल्या.

पुढचे आठ महिने मी दारोदार फिरले. एका दुकानात म्हणाले, तुमचा हात फार चांगला आहे, आम्हाला एवढा चांगला नको. दुसरीकडे वय विचारलं आणि मग हवामानावर बोलायला लागले. घरी येऊन मी रोज खोटं हसायची आणि माझी सतरा वर्षांची ओरियान रोज ते हसू ओळखायची.

एके दिवशी ती जेवताना म्हणाली, "आई, अवकाश उद्योगात शिवणकाम आहे. तुझं नाव टाकलंय."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"डोकं फिरलंय का तुझं? तिथे इंजिनियर घेतात."

"इंजिनियरांना सुई ओवता येते का?" ती म्हणाली आणि माझ्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

मुलाखतीला मी लग्नाला जावं तशी नटून गेले. समोर सोलांज बोर्दनाव बसली होती, शिवणखात्याची प्रमुख, एकसष्ट वर्षांची, ओठ घट्ट मिटलेली बाई. तिने माझे कागद बाजूला सरकवले आणि एक चंदेरी पापुद्रा, सुई आणि दोरा पुढे ठेवला. "कागद नंतर. आधी हात दाखव." मी दहा टाके घातले. तिने चष्मा कपाळावर चढवून ते पाहिले. म्हणाली, "सोमवारी ये. तीन महिने परीक्षा. अत्तर लावून आलीस तर दारातून परत पाठवीन."

दुलई म्हणजे खरंच दुलई. वर उपग्रहाची एक बाजू उन्हात भाजते आणि दुसरी गारठते, म्हणून त्याला चंदेरी पापुद्र्यांचे बावीस थर पांघरायचे. ते थर कापायचे, एकावर एक रचायचे आणि काठ दुमडून शिवायचे, हे आमचं काम. कोट, टोपी, मास्क, हातमोजे. क्रीम नाही, पावडर नाही, केसांना फवारा नाही. सकाळी सुया मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून परत द्यायच्या. एकदा एका बाईच्या सुईचं टोक मोडलं, तर ते सापडेपर्यंत सगळं खातं दोन तास जमिनीवर रांगत होतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती त्या पापुद्र्याची. कापड दयाळू असतं. चुकलं तर उसवा, पाण्याचा हात फिरवा, भोक बुजतं. पापुद्र्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं. भोकांची दुसरी रांग दिसली की दुलई बाद. चोवीस वर्षं मी उसवायच्या भरवशावर शिवत आले होते, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

माझ्याबरोबर प्रिसिल नावाची मुलगी परीक्षेवर होती. सव्वीस वर्षांची, आधी पॅराशूट शिवायची. हात असा चालायचा की बघत राहावं. वर स्वभावानेही गोड, त्यामुळे तिचा रागसुद्धा करता येईना. तिसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी वरच्या कचेरीतली बाई आली आणि आम्हा दोघींना म्हणाली, "जागा एकच निघाली आहे. महिनाअखेर ठरेल. दोघींचं काम उत्तम आहे, तेव्हा ताण घेऊ नका." ताण घेऊ नका म्हणे! प्रिसिलची पाचवी दुलई चालू होती, माझी चौथी. 

त्या दिवशी दुपारी मी सतरा नंबरच्या दुलईचा शेवटचा काठ शिवत होते आणि मी ती गोष्ट केली.

आमच्याकडे नवरीचे पोशाख शिवणाऱ्या दुकानांत एक जुनी रीत आहे. बिनलग्नाच्या शिवणारीने नवरीच्या घेराच्या दुमडीत आपला एक केस शिवून टाकायचा, म्हणजे वर्षभरात तिचं लग्न होतं. मी एकोणिसाव्या वर्षी घातला आणि अकरा महिन्यांत माझं लग्न झालं. नवरा कसा निघेल याची हमी केसाने दिली नव्हती, ती गोष्ट वेगळी. मादाम रुमेगूंच्या दुकानात तर कशासाठीही केस घालायचे. घर मिळावं, मूल व्हावं, पोर परीक्षेत पास व्हावं. मादाम बघून न बघितल्यासारखं करायच्या, कारण त्याही घालायच्या.

मी विचार केला असता तर केलं नसतं. पण हात विचाराच्या आधी गेला. टोपीखाली बोट सरकलं, कानशिलापाशी एक केस तुटला, आणि नजर दाराकडे ठेवून मी तो दुमडीत ठेवून वरून टाके घातले. चार टाके. मग मी कागदावर सही केली, दुलई पिशवीत घातली आणि डुकराच्या सॉसेजचं जेवण मिटक्या मारत जेवले. मला बरं वाटत होतं, हेच सांगायची लाज वाटते.

सोमवारी अल्बानने आमचा वर्ग घेतला. अल्बान म्हणजे स्वच्छतेचा इंजिनियर, तिशीतला, हळू बोलणारा. त्याने भिंतीवर एक चित्र दाखवलं, मोठा गोल आरसा आणि त्यावर एक बारीक रेघ.

"हा केस आहे," तो म्हणाला. "हा उपग्रह जमिनीवरच होता म्हणून आम्ही पुसला. वर असता तर कोण पुसणार होतं?"

प्रिसिलने विचारलं, "पण आत शिवलेला असेल तर? म्हणजे थरांमध्ये अडकला असेल तर बाहेर कसा येईल?"

 हिने शुक्रवारी मला पाहिलं होतं का? पण तिचा चेहरा नुसता उत्सुक होता, वर्गातल्या हुशार मुलीचा असतो तसा.

"छान प्रश्न. दुलईला बारीक भोकं का असतात? रॉकेट वर जाताना थरांमधली हवा बाहेर पडायला हवी, नाहीतर दुलई फुगून फाटेल. ती हवा जोरात निघते, आणि आत जे सुटं असेल ते बरोबर घेऊन निघते. आता तुम्ही शिवताय त्यातली सतरा नंबरची घ्या. ती कॅमेऱ्याच्या गळ्याभोवती बसते. तिच्यातून निघालेली वस्तू सरळ आरशावर जाणार." त्याने पुढचं चित्र लावलं. "नऊ वर्षं लोकांनी या कॅमेऱ्यावर काम केलंय. समुद्र किती चढला ते तो मोजणार आहे."

पुढचं मी ऐकलं नाही. कानात नुसती शिटी वाजत होती. मी शौचालयात जाऊन नळ सोडला आणि मनगटं गार पाण्याखाली धरून उभी राहिले.

सतरा नंबर गुरुवारी सकाळी नऊ वाजता भट्टीत जायची होती. त्या भट्टीतली हवा काढून घेतात आणि दुलया तापवतात, म्हणजे ओल निघून जाते. तिथून त्या मोठ्या दालनात जातात, उपग्रहावर चढतात, आणि मग आमच्यापैकी कुणाचा हात त्यांना लागत नाही. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते.

पहिला विचार मनात आला तो चोराचाच. पिशवी उघडायची, चार टाके उसवायचे, केस काढायचा, त्याच भोकांतून परत शिवायचं. मंगळवारी मी टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं. दहापैकी दोन वेळा सुई जुन्या भोकातून गेली, आठ वेळा शेजारी नवीन भोक पडलं. भिंगाखाली ते तुकडे असे दिसत होते की आंधळ्यालाही कळावं. सोलांज मागून आली आणि तिने एक तुकडा उचलला.

"हे काय चाललंय?"

"सराव," मी म्हणाले.

"उसवायचा सराव? इथे उसवत नाहीत, मायलिस. सोड ती सवय." तिने तुकडा माझ्या हातात परत दिला. 

त्या आठवड्यात ओतान सुटला होता. हा वारा तुलूजमध्ये सुटला की तीन-तीन दिवस थांबत नाही आणि बिनसलेल्या प्रत्येक गोष्टीचं खापर लोक त्याच्यावर फोडतात. घरी पोचले तर खिडकीच्या झडपा आदळत होत्या. ओरियान म्हणाली, "आई, तू भूत पाहिल्यासारखी दिसतेस. वारा लागला का?"

मी तिला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

आधी ती पोट धरून हसली. "केस? उपग्रहात? आई, आता त्या उपग्रहाचं लग्न होणार!" मग माझा चेहरा पाहून थांबली. मी भोकांचं, हवेचं, आरशाचं सगळं सांगितलं. तिचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सांगितलंस तर काढतील?"

"परीक्षेवरच्या माणसाला काढायला कारणही लागत नाही. आणि इथे तर कारण आहे."

ती बराच वेळ नखं खात बसली. "मग सांगू नकोस," ती म्हणाली.

"ओरियान!"

"काय ओरियान? कदाचित तो निघणारच नाही. कदाचित आतच राहील. तू आठ महिने कशी होतीस ते मी पाहिलंय. आंघोळ करायची नाहीस तू. मला वाटायचं, शाळेतून येईन आणि तू…"  मग ती लहान आवाजात म्हणाली, "मला परत ते नको. सांगू नकोस ना, आई."

त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी अल्बानच्या वर्गातही वाटली नव्हती. मला वाटत होतं ते आठ महिने मी एकटीने काढले.

बुधवारी मी चार वेळा सोलांजच्या टेबलापर्यंत गेले. एकदा ती फोनवर होती. एकदा मी कात्री मागितली, एकदा पट्टी. चौथ्यांदा ती म्हणाली, "आता काय, टेबल हवंय?" मी हसून परत आले. मी भित्री आहे, हे मला त्या दिवशी पुराव्यासह कळलं. कॉफीच्या यंत्रापाशी प्रिसिलने तिच्या चॉकलेटीनचा, म्हणजे चॉकलेट भरलेल्या पावाचा, अर्धा तुकडा मला दिला आणि म्हणाली, "तू काहीच खात नाहीयेस. माझ्यामुळे का? त्या जागेमुळे? हे बघ, तुला मिळाली तर मी रडेन, पण तुझ्यावर चिडणार नाही." मी तो तुकडा रुमालात गुंडाळून ठेवला.

गुरुवारी पावणेनऊला भट्टीची ढकलगाडी आली. सोलांज नंबर वाचत होती आणि ढकलगाडीवाला पिशव्या रचत होता. चौदा. पंधरा. सोळा.  सतरा. पिशवी गाडीवर गेली. मला आठवतं, मी मनाशी म्हणाले, झालं, सुटलीस, आता काही करता येणार नाही. तो विचार इतका गोड होता की त्याचीच मला दहशत बसली.

"थांबा," मी म्हणाले.

आवाज फारच मोठा आला. खात्यातल्या सगळ्या यंत्रांचे आवाज बंद झाले.

"सतरामध्ये केस आहे. माझा. मी शिवलाय."

सोलांजने हातातला कागद खाली ठेवला. "पडला म्हणतेस?"

"नाही. घातला. मुद्दाम."

"का?"

"नोकरी मिळावी म्हणून."

कुणीतरी फस्सकन हसलं. ती प्रिसिल होती, आणि ती भीतीनेच हसली असावी, कारण लगेच तिने मास्कवर हात दाबला. "मग मीही एक घातला असता की गं," ती पुटपुटली. सोलांज हसली नाही. तिने ढकलगाडी थांबवली आणि अल्बानला फोन केला.

दिव्याखालच्या टेबलावर दुलई पसरली. मी जागा दाखवली. सोलांजने स्वतःच्या हाताने टाके उसवले, चार नाही, वीस. दुमड उलगडली. अल्बानने भिंग लावलं, निळा दिवा लावला, चिमट्याने एकेक घडी उचलून पाहिली.

"रंग कोणता?"

"तपकिरी, काळपट," मी म्हणाले.

काहीच नव्हतं. स्वच्छ चंदेरी दुमड, आणि वीस टाक्यांची भोकं. त्याने परत पाहिलं. पाऊण तास गेला. भट्टी रिकामी तापवून ठेवली होती आणि मोठ्या दालनातून दोनदा फोन येऊन गेला.

अल्बानने भिंग खाली ठेवलं. तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "मादाम, तुम्ही या दिवसांत झोपता का नीट?"

"नाही."

"जागेची काळजी, माझा तो वर्ग, वर हा वारा. माणसाला नको ते खरं वाटायला लागतं. मी तुम्हाला खोटं ठरवत नाहीये. पण समजा तुम्ही म्हणालात की नक्की आठवत नाही, तर मी एवढंच लिहीन की शंका आली, दुमड तपासली, काही सापडलं नाही. हा काठ बाद झालाय, त्यावर पट्टी लावायची परवानगी मी काढतो. दुपारी दुलई भट्टीत जाईल. तुमच्यावर काही येणार नाही." तो थांबला. "आणि नक्की म्हणालात, तर बावीसच्या बावीस थर फाडावे लागतील. दुलई संपली. नवी शिवायला नऊ दिवस लागतील आणि तेवढे दिवस मोठं दालन आमच्या तोंडाकडे बघत बसेल. वर तुम्ही मुद्दाम घातलात, हेही लिहावं लागेल."

सोलांज म्हणाली, "मायलिस, नीट आठव."

मी आठवायला लागले, आणि खरं सांगते, मला आठवेना. तीन दिवस मी तो केस इतक्या वेळा पाहिला होता की खरा कोणता आणि मनातला कोणता हे कळेना. मी खरंच घातला होता का? की बोटातून आधीच निसटला होता? तो दुमडीत नव्हता, हे तर डोळ्यांसमोर दिसत होतं. "नक्की नाही" म्हणणं खोटंही ठरलं नसतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि सगळ्यांना एकच उत्तर हवं होतं. मला माझ्या मुलीचं नखं खाणं दिसत होतं.

मी टेबलाची कड धरली. मग माझं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. डोक्यावर माझा भरवसा नव्हता, पण चोवीस वर्षांत बोटांनी मला कधी फसवलं नव्हतं. केस धरून टाका घालताना बोट जरा वेगळं वळतं, दाब जरा कमी पडतो. त्या चार टाक्यांना ते तसं वळलं होतं.

"घातला," मी म्हणाले. "नक्की."

अल्बानने डोळे मिटले.  सोलांजने कात्री घेतली आणि दुलई मधोमध कापली.

थर एकेक करून सुटे झाले. प्रत्येक थर दोघींनी धरायचा, दिव्यासमोर न्यायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा. पाच. आठ. दहा.  अकराव्या थराला प्रिसिलने तिचं टोक खाली झुकवलं आणि तिथेच थांबली.

"हलू नका," ती म्हणाली. "आपण काळा शोधतोय. हा पांढरा आहे."

सुईने तो आत ओढून नेला होता. चंदेरीवर पांढरा केस, बोटभर लांब, तिरका धरला तरच चमकत होता. मी वाकून पाहिला. एकोणिसाव्या वर्षी घातला होता तो काळा होता. टोपीखालच्या बोटाला रंग कसा कळणार? आणि गेल्या वर्षभरात मी आरशात केसांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

अल्बानने तो चिमट्याने उचलला, छोट्या पिशवीत घातला आणि वर माझं नाव लिहिलं. मग तो मला म्हणाला, "आज घरी जा. फोन येईल."

फोन शुक्रवारी आला नाही. शनिवार-रविवार येणारच नव्हता. ओरियान माझ्याशी बोलत नव्हती, पण न सांगता तिने दोन्ही दिवस स्वयंपाक केला आणि रविवारी सकाळी माझ्या अंगावर टॉवेल फेकला. "आंघोळ," एवढंच म्हणाली. मी उठले आणि आंघोळ केली. फोन मी साबणाशेजारी ठेवला होता.

सोमवारी आठ वाजता सोलांजने बोलावलं. वरच्या कचेरीत नाही, खालीच, कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर. ती बाकावर बसली होती आणि तिने मला बस म्हटलं नाही.

"जागा प्रिसिलला दिली," ती म्हणाली.

मी मान हलवली. ते मी धरूनच चालले होते.

"तिचे हात तुझ्याहून चांगले आहेत."

"हो."

"मुद्दाम केस घालणाऱ्या बाईला ठेवतात कुठे? वरच्यांनी मला हेच विचारलं. दोन तास विचारलं." तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तुझी परीक्षा आणखी तीन महिने लांबवली आहे. कायद्याने एकदाच लांबवता येते. मी नोव्हेंबरमध्ये निवृत्त होते, तेव्हा खात्यात एक जागा रिकामी होईल. इथे सही कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पेन हातात घेतलं तरी सही जमेना. "का?" मी विचारलं. "तुम्ही का भांडलात माझ्यासाठी?"

सोलांजने चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय तिचे डोळे फार थकलेले दिसत होते.

"त्या दिवशी मी तुला म्हणाले, नीट आठव," ती म्हणाली. "तुला काय वाटलं, मी खरं विचारत होते? तीस वर्षांत माझ्या सहीची एकही दुलई परत आली नाही, आणि मला तीन महिन्यांनी घरी जायचंय. मला वाटत होतं तू नाही म्हणावंस. मी देवाची विनवणी करत होते, पोरी. तू 'नक्की नाही' म्हणाली असतीस तर मी त्याच क्षणी पट्टी लावली असती आणि सही केली असती. म्हणून भांडले."

मी तिच्याशेजारी बसले. तिने सरकून जागा दिली नाही, पण उठलीही नाही. थोड्या वेळाने मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. मग पेन तिला दिलं, आणि माझ्या नावाखाली तिने आपली सही केली.